वादळ्याच्या टापेची माती

जनावरं बोलायची आणि माणसं चक्क ऐकून घ्यायची, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. तुम्ही नाहीच ऐकणार म्हणा!

दरवर्षी जनावरांची घाट चढायची शर्यत व्हायची आणि वादळ्या घोडा जिंकायचा. जिंकणाऱ्याच्या टापेखालची माती कपाळाला लावायची रीत होती. गोदी नावाची लंगडी शेळी ती आपल्या अधू पायाला लावायची आणि रोज चार पावलं जास्त चालायची. माकडं हसायची, ती चालायची.

एका वर्षी गोदी हार घालायला पुढे झाली, तर वादळ्याच्या तोंडाला मोहाच्या दारूचा भपकारा!

"वादळ्यादादा, पिऊन पळालास?"

"हळू बोल गं! दरवर्षीच पितो, थकवा कळत नाही. सगळेच पितात."

"पीत असतील. त्यांच्या पायाखालची माती मी लावली नव्हती रे."

हार गोदीने स्वतःच खाल्ला. शेळीच ती. पण रडत खाल्ला.

बातमी रानभर झाली. पुढच्या वर्षी वादळ्या न पिता पळाला आणि खरोखर पहिला आला. माती कुणीच उचलली नाही. एकेक जण येऊन त्याचं तोंड तेवढं हुंगून गेला.

वादळ्या गर्दीत गोदीला शोधत राहिला. ती आली नव्हती. तिने चालणंच सोडलं होतं.