तानू सुइणीचं कवठ

हे कुणाला पटायचं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. घोंगडी महाराज पिंपरवाळला नदीकाठच्या मठात राहत, तेव्हा तिथल्या कवठाला बाराही महिने फळं लागत, आणि महाराजांनी हात पुढे केला की फांदी आपण होऊन खाली येई.

असंच एक कवठ महाराजांनी तानू सुइणीच्या हाती दिलं. म्हणाले, "तानूबाई, वार पडली तरी बाळंतिणीच्या पोटावरचा हात काढायचा नाही. या कवठासारखं घट्ट लागेपर्यंत चोळत राहायचं. आणि लेकरू लगेच अंगावर पाजायला घ्यायचं."

शेजारी बसलेले त्र्यंबकशास्त्री वैद्य हसले. "म्हणजे आता वैद्यकी हिच्याकडून शिकायची? उद्या माझ्या खलात ही मसाला कुटेल."

"उद्याचं उद्या बघू, शास्त्रीबुवा," एवढंच महाराज म्हणाले.

पुढच्याच महिन्यात शास्त्रीबुवांची लेक वेणू पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. भर दुपारी मोकळी झाली. वार पडली, तानूचा हात अजून पोटावरच होता, तोच शास्त्रीबुवा दारातून म्हणाले, "झालं ना? मग निघ. घर शिंपडायचंय." बाळाला तीन दिवस नुसतं मधाचं बोट, अशी त्यांची आज्ञा. तानू उठली. तिच्या पावलांमागे गोमूत्र शिंपडलं गेलं.

घटकाभरात वेणूच्या बाजेखाली रक्ताचं थारोळं झालं. शास्त्रीबुवांनी मात्रा उगाळल्या, चाटणं दिली. पोरीचे ओठ पांढरे पडत गेले. "आप्पा, मला दिसेनासं झालंय हो," ती म्हणाली.

शास्त्रीबुवा अनवाणी तानूच्या दारी धावले आणि तिथंच थिजले. तीस वर्षं 'ए सुइणी' म्हणत आलेले. महाराजांनी त्यांच्यासमोर घेतलेलं नावही त्यांनी लक्षात ठेवलं नव्हतं. "अहो..." एवढंच तोंडातून निघालं. मान वर होईना.

तानू तशीच उठून निघाली. आली, पोट दाबून चोळायला लागली, बाळ वेणूच्या छातीला लावलं. हाताखालचं लिबलिबीत पोट आवळत आवळत कवठासारखं झालं. रक्त थांबलं. आणि इकडे मठात महाराजांची घोंगडी रक्तानं चिंब! सगळं त्यांनी आपल्या अंगावर घेतलेलं.

शास्त्रीबुवा धावत मठात गेले, पायांवर कोसळले. महाराज म्हणाले, "माझे कशाला? तिचे धरा." आणि भक्तहो, त्या वैद्यानं सगळ्या गावादेखत तानूच्या पायांवर डोकं...

"खोटं," कथा ऐकायला बसलेल्या बायकांमधून तानूची नात म्हणाली. "कवठ, घोंगडी, सगळं मानते, बाबा. पण पाया नाही पडले ते. आजी बाहेर पडली आणि त्यांनी परत गोमूत्र शिंपडलं. तिनं वळून पाहिलं. शिंपडताना त्यांची मान खाली होती, एवढंच."