मिणमिणीला तोंड नव्हते

एका खाडीच्या काठी एकदा एक वृद्ध मत्स्यशास्त्रज्ञ राहत असत. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या होत्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या आणि प्रत्येक बरणीत एक मासा. तो संग्रह पाहायला लांबून विद्वान येत. मात्र कोणी स्तुती केली की वृद्ध अस्वस्थ होत आणि विषय बदलत.

शिष्यांना त्यांनी एक शिस्त लावली होती. कोळ्यांकडून जिवंत मासा आला की तो लगेच बरणीत जायचा नाही. आधी खाडीच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या पितळी परातीत त्याला सोडायचे आणि शेजारी बसायचे. किती वेळ, तर मासा आपल्याला विसरेपर्यंत. तो विसरला की पर पसरतो, अंगावरचे रंग खुलतात, आणि मग तो खरा कसा आहे ते दिसते. बरणीतल्या औषधात मासा टिकतो, पण त्याचे रंग उडून जातात. म्हणून वृद्ध म्हणत, "आधी परात. बरणी कुठे पळून जात नाही."

शिष्यांना हा वेळेचा अपव्यय वाटे. त्यांच्यात एक तरुणी होती. बुद्धी तीक्ष्ण, हात चपळ, पण परातीशेजारी तिचा जीव सर्वांत आधी कंटाळे. त्या वर्षी तर तिचे मन कशातच नव्हते. तिचा थोरला भाऊ तापाच्या आजारात अचानक गेला होता.

हा भाऊ घरात एकाच गोष्टीसाठी प्रसिद्ध होता. त्याने हाती घेतलेले काहीही शेवटास गेले नाही. वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आले, तेव्हाही आई पाट पुसता पुसता तेच बोलत होती. "कॉलेज अर्धं, तबला अर्धा. माडीला रंग द्यायला घेतला तो अर्धी भिंत पिवळी करून ठेवली. आणि तो मेला गेम. खेळायचं तर खेळावं माणसानं. समोर ठेवून नुसता बघत बसायचा." एवढे बोलून ती पदराने डोळे पुसायची. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मुलाविषयी सांगण्यासारखे पूर्ण असे काही हाती राहिले नाही, याचे ते दुःख होते.

त्या खेळाविषयी थोडे सांगायला हवे. माझे वय पाहता मी काही चुकीचे सांगण्याचा संभव आहे. पण गोष्टीपुरते एवढे पुरेल. हातात धरायच्या छोट्या यंत्रात कॅसेट घालून तो खेळतात. त्यातल्या काल्पनिक प्रदेशात हिंडायचे, तऱ्हेतऱ्हेचे विलक्षण प्राणी समोर आले की जाळे टाकून धरायचे आणि कुपीत ठेवायचे. असे शेकडो प्राणी. सगळे धरले की खेळ पूर्ण झाला. या खेळाचे पुढे अनेक भाग निघाले, आणि प्रत्येक भागात, अगदी पहिल्याच तळ्यात, मिणमिणी नावाची मासोळी असते. अंगठ्याएवढी, गोल, पिवळट उजेड देणारी. तिच्याइतका दुबळा प्राणी साऱ्या खेळात नाही. ती लढत नाही, पळत नाही, आणि कुपीत घातल्यावर तिचा उजेडही हळूहळू विझतो. खेळ शिकताना मुले पहिले जाळे तिच्यावर टाकतात आणि पुन्हा तिच्याकडे बघत नाहीत.

बहिणीने भावाचा गेम कपाटातून काढला तो या विचाराने, की निदान ही एक गोष्ट आपण त्याच्या नावाने पुरी करू आणि श्राद्धाच्या दिवशी त्याच्या फोटोपुढे ठेवू. यंत्र सुरू होता होता बंद पडत होते, म्हणून ती जुन्या गेमच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. त्याने कॅसेट कानाशी धरून हलवली, तिच्या पट्ट्या पुसून ती यंत्रात घातली. यंत्र नीट चालू झाले, पण त्याने मान हलवली.

"ताई, कॅसेटच्या आत एक सेल असतो. तो संपत आलाय. तो आहे तोवर कॅसेटला सगळं आठवतं. गेला की कोरी पाटी."

"नवा बसवा की."

"बसवायला जुना काढला तरी विसरणारच ती." मग तो आत काय काय धरले आहे ते बघू लागला, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "अहो, हे काय? मोठे मोठे सगळे धरलेत. लोक वर्षं घालवतात यांच्यामागं. आणि मिणमिणी नाही? आमच्या गल्लीतली शेंबडी पोरं धरतात तिला. एवढ्यासाठी अपूर्ण ठेवलं? दादा आळशीच दिसतात तुमचे."

तिने कॅसेट परत घेतली. पण घरी येईपर्यंत तिला तेच टोचत राहिले. अवघड सारे केले आणि सर्वांत सोपे तेवढे राहू दिले. आई म्हणते ते खोटे नव्हते तर.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी ती बरण्यांच्या खोलीत एका कोपऱ्यात गेम घेऊन बसली. भावाचा तो चिमुकला खेळाडू पहिल्याच तळ्याच्या काठी उभा होता. हिंडायचीही गरज पडली नाही. पाणी हलले आणि मिणमिणी वर आली.

"काय चाललंय?" वृद्धांनी विचारले.

"काही नाही, सर. दोन मिनिटांचं काम आहे. एक मासोळी धरायची राहिलीये. सगळ्यांत दुबळी, कुपीत घातली की विझणारी."

मासोळी म्हटल्यावर वृद्ध उठले. चष्मा कपाळावरून खाली घेऊन ते तिच्या खांद्यामागून पाहू लागले.

"हिचं तोंड कुठं आहे?"

"नाहीये, सर."

"डोळे?"

"नाहीत. चित्र आहे हो ते."

"कल्लेही दिसत नाहीत."

"सर, ही खोटी मासोळी आहे."

"असेल. पण चित्र काढणारा खरा माणूस असणार. बाकीच्यांना त्यानं तोंडं दिलीत का?"

तिला हसू आले. तिने भावाने धरलेले प्राणी एकेक करून दाखवले. पंखवाले, शिंगवाले, ढगासारखे. "सगळ्यांना आहे, सर. हा तर नुसता दगड आहे. यालासुद्धा तोंड आहे."

"दगडाला आठवणीनं दिलं, आणि माशाला द्यायला विसरला?" वृद्ध पुटपुटले.

ती तळ्यावर परतली. मिणमिणी पुन्हा वर आली. पडद्यावर जाळ्याची खूण लुकलुकू लागली. तिने अंगठा पुढे केला, तोच वृद्धांनी आपला सुरकुतलेला तळवा बटणांवर ठेवला.

"परात," ते म्हणाले.

"सर, प्लीज. याचा सेल कधीही जाईल. मग दादाचं सगळंच जाईल. उद्या वर्षश्राद्ध आहे. आईला मला एवढं तरी दाखवायचंय, की हे एक तरी पुरं झालं."

वृद्ध म्हणाले, "मला या खेळातलं काही कळत नाही. मी चुकतही असेन. चुकलो, तर तुझ्या भावाचं एवढंही माझ्यामुळं जाईल."  हात मात्र त्यांनी काढला नाही. "तरी थोडा वेळ बस."

तिला संताप आला. पण गुरूंचा हात झिडकारणे तिला जमले नाही. तिने यंत्र टेबलावर ठेवले आणि हात मांडीवर घेतले. वृद्धांनी दोन कपांत चहा ओतला. खेळ पहिल्या धड्यातच शिकवतो की प्राणी दिसताच जाळे टाका, नाहीतर तो निसटेल. आजवर तिने पाहिलेला एकही खेळाडू इथे थांबला नव्हता.

मिणमिणी निसटली नाही. ती आपली वरखाली डुलत राहिली. जाळ्याची खूण लुकलुकायची थांबली. थोड्या वेळाने खेळाचे ते अखंड वाजणारे संगीत बंद पडले.

"सेल गेला," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"दिवा अजून आहे," वृद्ध म्हणाले.

खरोखरच दिवा होता. आणि आता तो डुलत नव्हता, सरळ वर येत होता. त्याच्याखाली एक बारीक दोरा दिसू लागला. मग तो दोरा जाड झाला, फांदीएवढा, मग खोडाएवढा. त्याच्या मागे तळ्याचे पाणी काळे होत गेले, आणि तिच्या ध्यानात आले की काळे झालेले ते पाणी नव्हतेच. त्या काळोखाला पापणी होती, आणि ती उघडली.

पडदा तळहाताएवढा. त्यात फक्त डोळा मावला, तोही पुरता नाही. हिरव्या-सोनेरी वलयांचा तो डोळा इतका शांत होता की दोघांनीही नकळत श्वास रोखला. डोळा बाजूला सरला आणि शरीर जाऊ लागले. एकेका खवल्यावर शेवाळाची कुरणे होती. कुठे पाण्यात बुडालेली झाडे उगवलेली, कुठे त्याच्या पाठीवरून ओढे वाहत होते. आणि त्या कुरणांत, त्या झाडांखाली छोटे छोटे प्राणी निजलेले होते. शिष्येने ते ओळखले. पंखवाले, शिंगवाले, ढगासारखे. लोकांनी ज्यांच्यासाठी सारा प्रदेश पालथा घातला होता, ते सगळे इथे एका माशाच्या पाठीवर राहत होते. तो दगडही होता. तोंड मिटून झोपलेला.

शरीर जात राहिले. कपातल्या चहावर साय धरली. शेपूट आली की नाही, हे दोघांनाही नंतर सांगता आले नाही. काळोख हळूच खाली उतरला, आणि तळ्यावर पुन्हा तो अंगठ्याएवढा दिवा तेवढा उरला. मग खेळाने विचारले, जाळे टाकायचे का? तिने यंत्र दोन्ही हातांनी उचलले आणि नाही म्हटले.

 खाडीवरून मचव्याच्या इंजिनाचा आवाज येत होता.

मग वृद्ध म्हणाले, "ज्याला तोंड नाही ते एकटं जगू शकत नाही, गं. ते दुसऱ्या कुणाचं तरी अंग असतं. खोल समुद्रात खरेच असे मासे आहेत, कपाळावर दिवा बाळगणारे. मला तेवढंच ठाऊक होतं, यापलीकडे मला काही दिसलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी दिव्याचं टोक खुडून कुपीत घातलं, त्यालाच मासोळी म्हणालात, आणि वर तिला दुबळी ठरवलंत. खुडल्यावर तो विझणारच. ज्याचा तो दिवा, तो मात्र खालीच राहिला." त्यांनी फळ्यांवरच्या बरण्यांकडे पाहिले आणि आवाज आणखी उतरला. "काही गोष्टी धरल्या की मिळतात. काही धरल्या की तेवढ्याच उरतात. कोणती कुठली, हे आधी कळत नाही. म्हणून बसायचं."

"सर," तिने विचारले, "दादानं हे पाहिलं असेल का?"

"ते मी कसं सांगू? तूच सांग. खेळताना तो कसा बसायचा?"

ती उत्तर द्यायला गेली आणि तिला तो डोळ्यांसमोर दिसला. भाऊ खिडकीजवळ बसायचा. गेम टेबलावर, हात मांडीवर. शेजारी चहा निवत असायचा आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची. शेकडो प्राणी धरून झाल्यावरही त्याचा तो चिमुकला खेळाडू पहिल्याच तळ्याच्या काठी उभा होता.

तिने तोंड ओंजळीत झाकले. वृद्धांनी निवलेला चहा उचलला आणि पुन्हा गरम करायला आत गेले.

एखाद्याने काम अर्धे सोडले असे आपण म्हणतो, तेव्हा ते कुठे पूर्ण होते हे आपल्याला ठाऊक असतेच असे नाही. निदान मला तरी असे वाटते. खात्रीने सांगण्याचे धाडस मी करणार नाही. अर्धी पिवळी भिंत ही कदाचित अर्धी पिवळी भिंतच असेल.

वर्षश्राद्धाच्या दिवशी दुपारी ब्राह्मण जेवून गेले, पाने उचलली गेली. बहिणीने भावाच्या फोटोपुढे तो गेम ठेवला, सुरू करून. सेल अजून तग धरून होता. गेला असता तरी तिला आता भीती नव्हती. कॅसेट कोरी झाली तरी पहिले तळे जागच्या जागी असणार होते.

आई पदराला हात पुसत आली. "झालं का गं पुरं?"

"हो, आई. त्यानंच केलं होतं. आपल्याला माहीत नव्हतं."

आईने वाकून पडद्याकडे पाहिले. "ही कसली गं इवलीशी? धरायचीये का हिला?" आणि लुकलुकणाऱ्या खुणेकडे तिने बोट नेले.

मुलीने आपला तळवा हलकेच बटणांवर ठेवला, आणि पायाने एक पाट आईकडे सरकवला.

"बस जरा," ती म्हणाली.

आई बसली.