पाळण्यातला नारळ

मला सांगायचा कंटाळा आहे, पण नातवंडं पाठ सोडत नाहीत, म्हणून लिहितो.

जुन्या बाजारात धोत्रेशेठ माझ्या पोटुशा सुनेच्या, सगुणाच्या, गळ्यात एक वापरलेला पाळणा मारत होता.

मी म्हणालो, "गजांत फट मोठी आहे."

"थेरड्या, डोळे फुटले का? ह्यात आमदार वाढलेत!" शेठ सगळ्यांदेखत ओरडला.

सगुणानं नुकत्याच भरलेल्या ओटीतला नारळ पाळण्यात ठेवला आणि झोका दिला. नारळ गजांमधून थेट शेठच्या पायावर!

"बाई, नारळ म्हणजे बाळ का?"

"नाही ना, शेठ. नारळ फुटला तर प्रसाद वाटता येतो."

एवढीशी पोर, पण काय बोलली!

शेठनं पाळणा सरपणात टाकला, तिला हात जोडले. माझी माफी मात्र अजून मागितली नाही त्या बाबू धोत्रेनं.