चित्रासाठी राखलेलं डाळिंब

फार पूर्वी एका गावात एक तरुण चितारी राहत होता. आईबाप नव्हते. धाकटी बहीण बकुळा, तेवढंच त्याचं गणगोत.

चिताऱ्याचे रंग भारी भडक. गुरुजी कपाळाला हात लावत. "अरे, तुझी फळं नुसती ओरडतात! रंग जरा दबू देत. फळांचं एक ताट मऊ रंगांत काढून आण, मगच देवळाच्या भिंतीला हात लावू देईन."

बकुळाने परसातून पेरू, सीताफळ आणि झाडाला लागलेलं एकुलतं एक डाळिंब आणून ताटात मांडलं. चितारी बसला, पण रंग काही दबेना. गुरुजींना विचारायला जायची लाज वाटली. मग या शहाण्याने काय करावं? फळंच मलूल होऊ द्यायची ठरवली! ताट कोनाड्यात सरकवलं आणि वाट बघत बसला.

अशात बकुळा तापाने पडली. तोंड कडू झालं, अन्न जाईना. ती म्हणाली, "दादा, त्या डाळिंबाचे चार दाणे दे ना रे."

"अगं, फोडलं तर चित्र कशाचं काढू? अजून रंग उतरायचाय. उद्या अख्खं डाळिंब तुझं."

"बरं," म्हणाली बिचारी.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा मागितलं. पुन्हा उद्या. मग तिने मागणंच सोडलं.

हळूहळू फळं सुकली, रंग उतरले. चित्र अगदी मनासारखं झालं. चितारी हरखून ओरडला, "बकुळे, ऊठ! घे तुझं डाळिंब!"

बकुळा उठली नाही.

पुढे गुरुजींनी ते चित्र पाहिलं. "कसं जमलं रे?" त्याने सगळं सांगितलं. गुरुजींचे डोळे भरून आले. "वेड्या, लाल रंगात किंचित हिरवा कालवायचा होता. एवढंच! विचारायचं तरी होतंस."

घरी येऊन त्याने डाळिंब फोडलं. आत सगळं काळं पडलं होतं. तो ढसाढसा रडला, पण आता रडून काय उपयोग?

कालांतराने तो मोठा चितारी झाला. मुलं शिकायला येत. फळांचं ताट मांडलं की तो आधी विचारी, "कुणाला भूक लागलीय का रे?" ज्याला लागली असेल त्याला फळ देई, आणि उरेल त्याचं चित्र काढायला लावी. डाळिंब मात्र त्याने त्या ताटात कधीच ठेवलं नाही.

तात्पर्य: आपल्या माणसाने मागितलेला घास आजच द्यावा, उद्याचा भरवसा ना फळाला, ना माणसाला.