पिशवीचा बंद आणि मेणअळी

घाटमाथ्यावरच्या एका जंगलात एक सांबरीण आपल्या पाडसाला घेऊन राहत असे. एके दिवशी सहलीला आलेली माणसे परत गेल्यावर पाडस त्यांनी टाकलेल्या पिशव्या हुंगायला गेले. एका पिशवीच्या तळाशी खारट चुरा होता. तो चाटायला त्याने आत तोंड घातले आणि पिशवीचा बंद मानेत अडकला. घाबरून ते झुडपांतून धावत सुटले. पिशवी फाटून गेली, पण बंदाला पीळ बसून त्याचा गळ्याभोवती फास झाला. पाडसाच्या घशाखाली गवताची काडीही उतरेना.

सांबरिणीने सगळ्यांची मदत मागितली. गव्याने शिंगाच्या टोकाने बंद ओढून पाहिला. तो तुटला तर नाहीच, उलट पाडस घुसमटले. रानडुकराने सुळा लावला आणि लगेच मागे घेतला. "बंदाआधी गळाच कापला जाईल," तो म्हणाला. कोल्हा लांब दगडावर बसून हे सारे पाहत होता. "कशाला उगीच धडपडता?" तो म्हणाला. "हे प्लॅस्टिक आहे. माझ्या आजोबांनी पाहिलेली पिशवी अजून ओढ्यात तशीच पडली आहे. पावसाने ती कुजत नाही, वाळवी तिला तोंड लावत नाही. प्लॅस्टिकला मरण नाही. सांबरीणबाई, मन घट्ट करा."

"नाही करणार," सांबरीण म्हणाली. "माझे लेकरू अजून श्वास घेते आहे."

तेवढ्यात शेजारच्या खोडावरून एक बारीक आवाज आला, "मला बघू द्या." ती मेणअळी होती. पोळ्यातले मेण खाते म्हणून मधमाश्यांनी तिला नुकतेच खाली ढकलून दिले होते.

कोल्हा खो खो हसला. "गव्याला जमले नाही ते तू करणार? तुझा जोर तो केवढा!"

"जोर गव्याने लावून पाहिला," अळी म्हणाली. "मेणही कुणाला पचत नाही, कोल्होबा. मी ते रोज पचवते. याला मरण आहे की नाही, ते मी याला भिडल्यावर ठरवू."

बालमित्रांनो, प्लॅस्टिक म्हणजे एकमेकांचे हात धरून उभ्या असलेल्या असंख्य सूक्ष्म कणांच्या लांबच लांब साखळ्या. नुसते ओढून ते हात सहजी सुटत नाहीत. मेणअळीच्या लाळेत मात्र असे काही असते, की हवेच्या सोबतीने ते हात सुटू लागतात. आणि सोडवणारा पदार्थ स्वतः खर्ची पडत नाही. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात.

अळी पाडसाच्या मानेवर चढली आणि फासाला चिकटली. "मला गुदगुल्या होतात," पाडस कसेबसे म्हणाले. "होऊ देत, पण हलू नकोस," अळी म्हणाली. सांबरिणीने आपली हनुवटी त्याच्या पाठीवर टेकवली आणि ती तशीच उभी राहिली. पाडसाला तहान लागली की ती जवळच्या पानांवरचे दवाचे थेंब त्याच्या तोंडात सोडी. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हा आला. "तुटला का बंद?"

"नाही. उद्या ये," अळी म्हणाली.

तो खरेच आला. पाडस आता जमिनीवर पडून होते. "अजून नाही?" कोल्ह्याने विचारले. अळी बंदावर लाळ सोडत राहिली. त्याच दुपारी पाडसाने जिवाच्या आकांताने एक आवंढा गिळला आणि बारीक खड्डे पडून विरलेला तो बंद तटकन तुटला. पाडस धडपडत उठले आणि समोरच्या हिरव्या गवतात त्याने तोंड खुपसले. सांबरिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

कोल्हा ओशाळला, पण गप्प बसेना. "एक बंद तुटला, एवढेच! तिकडे पिशव्यांचा केवढा ढीग पडला आहे, तो बघ."

"बघितला," अळी म्हणाली. "तिकडेच निघाले आहे. वाटेतून बाजूला हो."

तात्पर्य : 'हे कधीच सुटणार नाही' असे सांगणाऱ्याचे ऐकून हात टेकू नयेत; जे जोराने तुटत नाही, ते नेमका उपाय जाणणाऱ्या इवल्याशा जिवाच्या चिकाटीपुढे तुटते.