आमची गाडी

कुत्र्यांना गाड्यांमागे धावायचा नाद नुकताच लागला होता, त्या काळची गोष्ट. बंगल्यांच्या एका गल्लीत भुऱ्या आणि ठिपक्या असे दोन कुत्रे राहत. ठिपक्याचा जीव डॉक्टरांच्या बुटक्या लाल गाडीवर. "पळते कशी बघ! वळणावरसुद्धा हलत नाही," असं तो उठता-बसता सांगायचा.

भुऱ्या मात्र शेठच्या लांबलचक काळ्या गाडीचा भक्त. "पळण्याचं काय कौतुक? खानदान लागतं! पाच वर्षं झाली, दुसऱ्या कुठल्या चाकावर मी तंगडी वर केलेली नाही."

गाडीखाली एक पाय गमावलेली म्हातारी कुत्री हे रोज ऐकायची. एका सकाळी तिने विचारलं, "भुऱ्या, त्या गाडीला तुझं नाव तरी माहीत आहे का रे?"

भुऱ्याला ते झोंबलं. "आमची गाडी आहे ती! मला बघून थांबेल." तेवढ्यात शेठचं फाटक उघडलं. भुऱ्या शेपूट हलवत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

गाडी थांबली, पण भुऱ्याच्या अंगावरून गेल्यावर. ड्रायव्हर उतरला, त्याने बंपरवरून हात फिरवला. "काही नाही शेठ, ओरखडासुद्धा नाही," असं म्हणून तो परत बसला आणि गाडी निघून गेली.

भुऱ्यात अजून धुगधुगी होती. "ऐकलंस?" तो ठिपक्याला म्हणाला, "ओरखडासुद्धा नाही." आणि त्याने मान टाकली.

ठिपक्याने त्याला एकदा हुंगलं. मग म्हणाला, "आमची लाल थांबली असती," आणि डॉक्टरांच्या फाटकाकडे चालू लागला.