पोपटी पातळ

एका चित्रनगरीत एकदा एक वृद्ध रंगारी मास्तर होते. त्यांनी रंगवलेल्या कपड्यांवरून पुढे काय घडणार हे प्रेक्षकाला कधी ओळखता येत नसे, अशी त्यांची ख्याती!

त्यांच्याकडे वसुधा नावाची शिष्या होती. पोर हुशार, पण जरा पढीक. लाल म्हणजे प्रेम, निळा म्हणजे विरह, पांढरा म्हणजे शोक, हे तिने पाढ्यांसारखं पाठ करून ठेवलेलं. एका प्रेमपटातल्या सर्वांत मोठ्या प्रसंगाची वेशभूषा मास्तरांनी तिच्यावर सोपवली. नायिकेचा प्रियकर त्या दिवशी परगावाहून परतायचा असतो, ती त्याची वाट पाहत असते, आणि दारात येतो तो त्याच्या अपघाती मृत्यूची बातमी आणणारा माणूस. वसुधाने आठ दिवस खपून पांढरंशुभ्र मलमलचं पातळ तयार केलं. काठावरचा बारीक कशिदाही स्वतः काढला. दिग्दर्शक खूश झाले. हे साधलं, तर पुढचा अख्खा चित्रपट तिच्या एकटीकडे येणार होता.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी मास्तरांनी ते पातळ हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि पोपटी रंगाच्या उकळत्या पातेल्यात सरळ बुडवलं!

वसुधा किंचाळलीच. शेजारी बसलेल्या शिंप्याच्या हातातली कात्री खाली पडली.

"मास्तर! अहो, हे काय केलंत? दुपारी शॉट आहे!"

म्हाताऱ्याला चळ लागला असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर कुणालाही तेच वाटलं असतं. मास्तर मात्र काठीने कापड शांतपणे खालीवर करीत होते.

"शोकाच्या प्रसंगाला पोपटी? लोक हसतील हो! दिग्दर्शकांना आता कुठल्या तोंडाने सामोरी जाऊ?"

"पोरी," मास्तर म्हणाले, "आज आपल्याला रडायचंय, हे नायिकेला सकाळी ठाऊक होतं का?"

वसुधा पातेल्याजवळ आली.

"तो येणार म्हणून ती हौसेने नटली असेल. कथेचा शेवट तुला ठाऊक आहे, तिला नाही. तू तिला तुझ्या ज्ञानाचा रंग नेसवलास, तिच्या मनाचा नव्हे." मग हलकेच त्यांनी विचारलं, "तुझे वडील गेल्याचा फोन आला, तेव्हा तू काय नेसली होतीस?"

आता मात्र वसुधाला खरा धक्का बसला.

"गुलबक्षी साडी," ती म्हणाली. "मैत्रिणीच्या लग्नाला निघाले होते. केसांत अबोलीचा गजरा होता. तो रात्रीपर्यंत तसाच राहिला, मास्तर. कुणाला काढायचं सुचलंच नाही."

मास्तरांनी पातळ पिळून तिच्या हाती दिलं. तिने ते झटकलं, उन्हात दोरीवर टाकलं, डोळे पुसले आणि शिंप्याला हाक मारली.

"काका, इस्त्री तापवून ठेवा. आणि बाजारात कुणाला तरी धाडा, अबोलीचा एक गजरा लागेल."

शोकाच्या घरी कुणी भडक कपड्यांत दिसलं, तर नावं ठेवण्याआधी आपणही तो गजरा आठवावा.